रक्तोबाचे रविवार

दुष्ट माणसांचा खेळ चार बैठकांच्या वर टिकत नाही, हे समीक्षाने पोरांना आधीच बजावलं होतं. पण ऐकतंय कोण! कडेगावात पप्पूच्या मोबाइलच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं दर रविवारी दुपारी हे चौघं बसायचे. समीक्षा गोष्ट सांगायची, बाकीच्या तिघांनी एकेक सोंग घ्यायचं, आणि तलवार लागली की हुकली ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. दोन वर्षं त्यांनी गावं वाचवली, राजकन्या सोडवल्या, राक्षस मारले. शेवटी पप्पूच वैतागला. चांगुलपणा करून करून तोंडाची चव गेली म्हणाला, आता जरा हरामखोर होऊन बघू.

समीक्षा मूळची वाईची. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून इकडे आली, तेव्हा घरमालकीण सोडली तर गावात तिला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. खेळ ती पुण्यात कॉलेजात असताना शिकली होती. हे तिघं भेटले आणि तिच्या आठवड्याला रविवार आला. नाहीतर सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे बघत किती वेळा चहा पिणार माणूस? त्यामुळे खेळ मोडला तर आपलं काय मोडेल हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तर दुष्टांची टोळी जमली. पप्पू झाला उंदीरमामा, अट्टल चोर. जयराज झाला सरदार खड्गसेन. हा जयराज बागायतदाराचा पोरगा, बाप फौजेतून सुभेदार होऊन आलेला, ह्याचं स्वतःचं ठिबक सिंचनाचं दुकान. बोलायला मोकळा आणि जिंकायची भारी हाव. तिसरा अर्जुना. हा पूर्वेच्या कोरड्या भागातला, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, आता वायरमन. खांबावरच्या घरट्यात पिलं आहेत म्हणून ह्याने दुरुस्ती चार दिवस लांबवली होती आणि त्यापायी साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. खेळात मात्र तो रक्तोबा नावाचा मांत्रिक झाला आणि पहिल्याच बैठकीत राजवाड्याच्या विहिरीत विष कालवून मोकळा झाला. समीक्षा बघतच राहिली. मुक्या माणसाच्या पोटात काय काय असतं, बघा!

पण दुष्टांच्या खेळाचं घोडं कुठं अडतं हे तिला माहीत होतं. हे लोक आज ना उद्या एकमेकांचेच गळे कापतात, मग खेळही जातो आणि मैत्रीही जाते. म्हणून तिने एक युक्ती काढली. गोष्टीतल्या काळ्या देवीसमोर तिघांनी शपथ घ्यायची, की जगाला फसवू पण एकमेकांना दगा देणार नाही.

तेव्हा अर्जुनाने खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. सकाळीच तो बिरोबाला जाऊन आला होता, तिथला भंडारा होता तो. शपथ घ्यायची तर अशी घ्यावी, एवढंच म्हणाला. पप्पूने चिमूट उचलली. जयराजने हसत हसत उचलली आणि सरदाराच्या आवाजात गर्जना केली. अर्जुनाने डोळे मिटले होते. समीक्षाला ते दिसलं होतं बरं का! पण टेबलावरची ती पिवळी चिमूट, ती गर्जना, सगळं इतकं झकास जमलं होतं की तिने थांबवलं नाही. उलट आपल्या अकलेवर खूश झाली.

शपथेवर खेळ दहा बैठका चालला. अकराव्या बैठकीत खड्गसेनाने दगा दिला.

झोपलेल्या रक्तोबाला त्याने राजाच्या शिपायांच्या हवाली केलं आणि बदल्यात काळा किल्ला पदरात पाडून घेतला. फाशावर एकोणीस पडले. पप्पूने टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर डाव होताही तसाच. अर्जुनाने जयराजकडे एकदा बघितलं, कप विसळून ठेवला आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की काम हाय म्हणायचा. जयराज म्हणाला, रुसलाय गडी, खेळात हरलं की काही जणांचं असंच असतं. तीन रविवार गेले, चार गेले. खोलीत तिघं बसायचे, शेंगा खायचे, फोन बघायचे आणि अंधार पडायच्या आत उठायचे. समीक्षाला आधी वाईट वाटलं, मग राग आला. अरे, एवढ्याशा दगाबाजीसाठी माणसाने दोन वर्षं पाण्यात घालायची? पाचव्या रविवारी सकाळी तिने स्कूटी काढली, ती भांडायलाच.

अर्जुनाची वस्ती तासाभराच्या वाटेवर होती. दारात बयाबाई, अर्जुनाची आई, कोकरांना पाला टाकत होती. अर्जुना घरी नव्हता. देवाला गेला होता, चालत, अनवाणी. उपाशीपोटी, म्हातारी म्हणाली, आज पाचवा आईतवार.

"कशासाठी, मावशी?"

बयाबाईने तिला बसायला घोंगडं टाकलं. "तुमच्यातल्या कुणी बेलभंडारा उचलून शबूद मोडला म्हनं. पुडी म्याच सोडली, तवा फेडायचं बी म्याच, असं म्हनतोय. त्या पोराची बायकू पोटुशी हाय न्हवं? तिला न् बाळाला काय लागू ने म्हून जातोय."

गेल्याच आठवड्यात समीक्षा सोनियाच्या, जयराजच्या बायकोच्या, डोहाळजेवणाला जाऊन आली होती. पाटावर बसलेली सोनिया, तिची खणाची साडी, पंगतीत वाढत हिंडणारा जयराज. अर्जुना त्या दिवशीही आला नव्हता, आणि त्यावरून हिने पप्पूजवळ त्याला नावं ठेवली होती. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने स्कूटी देवळाच्या वाटेला घातली. दोनेक मैलांवर अर्जुना परत येताना दिसला. कपाळभर भंडारा, चपला नाहीत, पाय धुळीने माखलेले. ती दिसताच तो चपापला आणि मग, चोरी उघडी पडल्यासारखा, ओशाळं हसला. आईने सांगितलं व्हय, म्हणाला.

समीक्षा वाटेत खूप काही ठरवून आली होती, त्यातलं एवढंच तोंडून निघालं, "अर्जुना, खेळच होता रे तो."

"खेळ तुमचा हुता, ताई. भंडारा बिरोबाचा हुता."

खेळात देव कुणी बोलावला होता? शपथ तिने मागितली होती. ह्या माणसाने डोळे मिटलेले तिने बघितले होते आणि डाव रंगतोय म्हणून गप्प बसली होती. ती रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून उभी राहिली आणि तिला रडू आलं. अर्जुनाला बाईमाणसाचं रडणं कुठलं झेपायला. तो वरच्या विजेच्या तारांकडे बघत राहिला.

जयराजला सांगू या, ती म्हणाली. त्याला कळू दे तरी, तू रुसलेला नाहीस ते.

"न्हाई सांगायचं. त्यो हसंल न्हाईतर भ्याल. भ्याला तर वैनीला कळंल, आन् असल्या दिवसांत तिला कशाला घोर? बाळ सुकरूप हाताला लागूस्तवर जायाचं बोललोय मी देवाला. मग येतो की रक्तोबा परत. तवर रुसलोय म्हनू दे त्याला."

पुढच्या रविवारी सकाळी समीक्षा वस्तीवर गेली. स्कूटी बयाबाईच्या अंगणात लावली आणि चपला काढल्या. अर्जुना नको नको म्हणत होता. शपथ मागणारी मी होते, एवढं ती म्हणाली, आणि मग त्याने वाद घातला नाही. पहिल्याच मैलात खड्यांनी तिचा जीव काढला. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत फरशीवर वावरणारे ते पाय. अर्जुना तिच्यासाठी चाल मंद करून, रस्त्याच्या कडेच्या मऊ मातीतून तिला नेत होता.

निम्म्या वाटेवर फोन वाजला. जयराजचा होता. पप्पूने निरोप दिला म्हणाला, ह्या रविवारी येत नाहीस, पुढच्याही नाही, सध्या खेळ बंद. हे काय नवीन? मग त्याचा आवाज चढला. "तू बी रुसलीस व्हय, त्या गड्यागत? खेळातल्या एका दग्यापायी?"

अर्जुना थांबून तिच्याकडे बघत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. एका शब्दात जयराजचं तोंड बंद करता आलं असतं, आणि तो शब्द तिच्या जिभेवर आलाही होता.

"हो," समीक्षा म्हणाली, "रुसले." मग जरा थांबून तिने विचारलं, "सोनिया कशी आहे?"

"तिला काय हुतंय? झ्याक हाय. सकाळधरनं तीन भाकऱ्या हानल्यात," असं म्हणून जयराजने रागाने फोन ठेवला.

"बरी आहे," ती अर्जुनाला म्हणाली. "तीन भाकऱ्या खाल्ल्या म्हणे."

अर्जुनाने मान हलवली, आणि दोघं चालायला लागले.