पन्नास की एक्केचाळीस

छत्तीस खाचा, अठरा कॉइल, एक जळकी मोटर आणि तिच्या पाठीवर खडूने लिहिलेले दोन आकडे: वेढे एक्केचाळीस, तार वीस नंबर. अक्षर अजिनाथचं होतं.

केडगावात सहादूच्या दुकानात मोटारी भरून मिळत. जळालेल्या कॉइलचे वेढे एकाने मोजून पाठीवर लिहायचे, दुसऱ्याने तेवढेच भरायचे आणि मध्ये सहादूने पुन्हा मोजून बघायचं, हा तिथला नेम. यशोधरा त्याची मुलगी. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. दोन वर्षांत तिचा एकही आकडा बापाने पुन्हा मोजल्याशिवाय सोडला नव्हता. आज अजिनाथच्या आकड्याकडे त्याने नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "भरा."

हा पाथर्डीकडचा कारागीर अजिनाथ पूर्वी सहादूला मालक म्हणायचा. दिवाळीपासून तोही अण्णा म्हणू लागला होता. मोटारी आणायला अण्णा त्यालाच गाडीवर मागे बसवून नेत.

"दोनशे वर्षांपूर्वी फॅरडेनं लोखंडी कड्यावर तार गुंडाळली," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुती कापड घातलं. आपण अजून तेच करतोय, अण्णा."

"हं," सहादू म्हणाला.

"आन् त्या फॅरडेची जळली की कुनाकडं टाकायचा वो, ताई?" अजिनाथने विचारलं.

सहादू खो खो हसला. इतका, की डोळे पुसावे लागले.

दोघं जेवायला गेले तेव्हा तिने भंगारातून जुनी कॉइल ओढली आणि कापलेली टोकं एकेक करून मोजली. पन्नास. दुसरी कॉइल, पन्नास. तिसरीही पन्नास. तार मोजली तर ती वीस नव्हे, एकवीस नंबरची, म्हणजे बारीक. एका मोटारीत दोन चुका! आणि अण्णा म्हणतात, भरा.

अजिनाथ परतला तेव्हा ती एकवीस नंबरचं रीळ लावून बसली होती. त्याने पाठ फिरवण्याआधी विचारलं, "काई शंका हाय का, ताई?"

"तुझ्या आकड्यावर? छे रे," ती गोड हसून म्हणाली. तोंडाने सांगितलं असतं तर अण्णांनी त्याची बाजू घेतली असती. मीटर कुणाची बाजू घेत नाही.

दोन दिवसांनी वॉर्निश सुकलं. दुकानातल्या चारशे पंधरा व्होल्टवर मोटर चालू केली. अजिनाथने करंट मापायच्या टाँग टेस्टरचा जबडा वायरीला लावला. तिन्ही फेजला तीन पूर्णांक दोन अँपियर.

"येवढा कमी?" तो चक्रावला. "अण्णा, ह्यो तर लई जास्त याया पायजे हुता."

"आला असता," यशोधरा म्हणाली. किती दिवस हे वाक्य तिच्या जिभेवर होतं. "तू चुकला होतास. मी तीन कॉइल मोजल्या. पन्नास वेढे, एकवीस नंबर. तेच भरले."

अजिनाथने सहादूकडे पाहिलं. सहादू स्टुलावर बसला.

"मोजनं तुजं बरूबर हाय, पोरी. त्यानंबी पन्नासच मोजलं हुतं. मीबी मोजलं, ही मोटर आनाया गेलो तितंच, काकासाहेबाच्या विहिरीवर. राहुरीच्या पल्याड, इजेच्या लायनीच्या पार शेवटाला हाय त्ये. तीनशे चाळीस व्होल्टच्या वर येतच न्हाई. म्हनूनच जळली. एक्केचाळीस मी लिहाया लावलं. कमी व्होल्टला वेढं कमी, तार जाड लागती."

"मला का नाही सांगितलं?" यशोधराने विचारलं.

"इचारलं असतंस तर सांगितलं असतं. ह्येनं इचारलं."

अजिनाथ खाली बघून पाना पुसत राहिला. तो हसला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"पुन्हा उकलते," ती म्हणाली.

"आदी तितं लावून बगू. मोटारीच्या पाटीवर साडेसात अँपियर लिवलंय. तेवढ्यात बसली, तर तुजी मोटर खरी." सहादूने टाँग टेस्टर अजिनाथच्या हातातून घेऊन तिच्या हातात दिला. "तूच माप."

दुपारी काकासाहेबाच्या विहिरीवर तिने मोटर चालू केली आणि पाणी पाइपातून भरून वाहू लागेपर्यंत थांबली. मग जबडा एकेका वायरीला लावला.

व्होल्टेज तीनशे अडतीस. पहिली फेज नऊ पूर्णांक सहा, दुसरी नऊ पूर्णांक सहा, तिसरी नऊ पूर्णांक सात.