आकडा बिघडला की फोन येतो

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल. हल्लीच्या हिशेबाने तर म्हाताराच. काचेच्या कोपऱ्याला तडा गेलाय, चार्जिंग दुपारपर्यंत संपतं आणि मागचं कव्हर रबर लावून धरलंय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बंद होऊन मी टिळक रस्त्यावरच्या दुकानात आलो आणि तिथून धायरीला, पूर्वाच्या घरी. पूर्वाला तेव्हा दिवस गेले होते. तिने माझ्यात गाणी भरली नाहीत की खेळ भरले नाहीत. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळ कधी हललं, हेच भरलं. स्पृहा झाल्यावर तर मला उसंत नव्हती. दूध कधी प्यायली, शी कोणत्या रंगाची, लस कोणत्या मांडीत. बाळ झोपलं की पूर्वा त्याच्या छातीकडे बघायची, मग माझ्याकडे, मग पुन्हा छातीकडे. एकदा तिने थर्मामीटरचे इतके फोटो सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांना पाठवले, की त्यांचं उत्तर आलं, "ताप बाळाला आहे, मला देऊ नका." पूर्वा हसली आणि तिने पुढचा फोटो पाठवला.

त्या घरात मी फार सुखात होतो. स्पृहाचे ओले हात दिवसभर माझ्या काचेवर असायचे.

पण मग नवा मोबाइल आला. आपल्याकडे जुने मोबाइल टाकून देत नाहीत, ते आईकडे जातात. मीही येरवड्याला, पूर्वाच्या आईकडे गेलो.

जयाआजी पोस्टात नोकरीला होत्या. आयुष्यभर खिडकीपलीकडच्या माणसांशी बोलल्या. आता भीमरावआजोबा नाहीत, घरात एकट्याच. त्यांना साखरेचा आजार आहे. पूर्वा रोज त्यांना फोन करायची. जेवलीस का, चक्कर आली का, गोळी घेतलीस का. त्या प्रश्नांच्या मागून मग इतर गप्पा यायच्या, स्पृहाच्या, भाजीच्या, शेजारच्यांच्या.

मला देताना पूर्वाने माझ्यात एक ॲप घातलं. "आई, रोज सकाळी बोट टोचून मशीनवर साखर बघायची आणि आकडा इथे टाकून पाठवायचा. मला तिकडे लगेच दिसतो. बरा असला तर हिरवा, जास्त असला तर लाल."

"आणि आपण बोलायचं कधी?"

"अगं, आकडा दिसला म्हणजे कळलंच ना, तू कशी आहेस ते."

पूर्वा वाईट नव्हती. तिला काळजी होती आणि वेळ नव्हता. आकडे हिरवे यायला लागले, तसे तिचे फोन कमी होत गेले. धायरीहून फक्त उंच केलेल्या अंगठ्याचं चित्र यायचं.

"काय म्हणते लेक?" शेजारच्या दीपमालाताई विचारायच्या.

"अंगठा दाखवला," जयाआजी म्हणायच्या.

एका सकाळी त्या स्पृहासाठी शेंगदाण्याचे लाडू करायला गूळ फोडत होत्या. मध्येच साखर बघायची आठवली. हात पदराला पुसला आणि बोट टोचलं. आकडा एकदम लाल. मी तो पाठवला, आणि लगेच वाजलो.

"आई, काय खाल्लंस? खरं सांग."

जयाआजींनी बोटाकडे बघितलं. गूळ अजून तिथे चिकटलेला होता. पण त्यांनी काही सांगितलं नाही. त्या दिवशी दोघी खूप वेळ बोलल्या. स्पृहाही बोलली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज माझ्यातून गेला.

नंतर जेव्हा फार एकटं वाटायचं, तेव्हा जयाआजी गुळाच्या डब्याचं झाकण उघडायच्या, बोट हळूच गुळावर टेकवायच्या आणि मग टोचायच्या. साखर रक्तातली की बोटावरची, ते मशीनला कळत नाही. मला कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. जो आकडा दिला, तो मी धायरीला पोहोचवत होतो.

पूर्वाने ते लाल आकडे आईच्या डॉक्टरांना पाठवले. डॉक्टर म्हणाले, लॅबमध्ये रक्त तपासून घ्या. जयाआजी आज जाते, उद्या जाते म्हणत राहिल्या. शेवटी डॉक्टरांनी गोळी वाढवली. ती वाढीव गोळी जयाआजी रोज न चुकता घेत होत्या.

एका दुपारी दीपमालाताई डबा परत द्यायला आल्या. जयाआजी खुर्चीत घामाने भिजलेल्या, हात थरथरत होते, शब्द जड झाले होते. दीपमालाताईंनी त्यांना साखरेचं पाणी पाजलं आणि मला उचललं. "पूर्वा, दीपमालामावशी बोलतेय. असशील तशी निघ."

जवळच्या दवाखान्यात कळलं, साखर फार खाली उतरली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर शुद्ध हरपली असती.

पूर्वा त्या दिवशी आईकडे राहिली. रोजची साखर जास्त, मग उतरली कशी, हे तिला समजेना. सकाळी तिने मशीनची पिशवी उघडली. बोट टोचायच्या पेनाला मुंग्या लागल्या होत्या.

"आई, ह्याला मुंग्या कशा?"

जयाआजींनी पेन पदराने पुसलं. मग म्हणाल्या, "आकडा बरा आला की तुझा अंगठा येतो. बिघडला की तुझा आवाज येतो."

पूर्वाने मुंग्यांकडे बघितलं, मग गुळाच्या डब्याकडे. "अगं, तू गेली असतीस."

"मग मात्र तुला रजा टाकावीच लागली असती."

पूर्वा हसली नाही. आईची टोचलेली बोटं हातात घेऊन बसून राहिली. मग तिने डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं आणि गोळी पुन्हा कमी झाली. दोघींचं ठरलं, रोज सकाळी आधी फोन, मग आकडा.

बहुतेक दिवस ते पाळलं जातं. काही दिवस स्पृहाची व्हॅन लवकर येते, पूर्वाची मीटिंग असते आणि राहून जातं.

मित्रांनो, मोबाइल जपून वापरा, पाडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या आजीचा किंवा आजोबांचा आकडा तुमच्या घरी येत असेल, तर तो हिरवा असला तरी त्यांना फोन करा. मोठ्यांना वेळ नसेल तर तुम्ही करा. आधी तब्येत विचारा, आणि ते दुसरंच काही सांगायला लागले, तर सांगू द्या.

आज जयाआजींनी साबणाने हात धुऊन बोट टोचलं. आकडा छान आलाय. त्यांनी तो माझ्यात टाकलाय, पण अजून पाठवलेला नाही. मला मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्यात, आणि माझा आवाज त्यांनी वाढवून ठेवलाय, अगदी शेवटपर्यंत.