कॅप्टनचं कार्ड

आमच्या ह्यांनी हौसेची बोट घेतली आणि लाइफ जॅकेटच्या आधी कार्डं छापून घेतली. वर बोटीचा फोटो, खाली ठळक अक्षरांत हे, 'कॅप्टन' आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत मी, 'खलाशी'. धक्क्यावर दिसेल त्याच्या हातात कार्ड कोंबायचं आणि त्याचं घ्यायचं, एवढंच ह्यांचं नौकानयन.

परवा भर पाण्यात इंजिन बंद पडलं. एक बोट जवळ आली, त्यातल्या गृहस्थांनी दोर फेकला. ह्यांनी झेलला आणि लगेच सोडला, कारण कार्ड काढायचं होतं! गृहस्थही तसलेच. हसतमुखाने कार्डांची देवाणघेवाण झाली, "भेटू पुन्हा" झालं आणि ते चक्क निघून गेले.

मी त्या कार्डावरचा नंबर फिरवला.

"भाऊ, मागे फिरा. खलाशाला तेवढं घेऊन जा. कॅप्टन येतील कार्डांनी वल्हवत."