मधलं राखाडी

दिवाणखान्याच्या समोरच्या भिंतीवर सहा वस्तू होत्या. शेतकरी संघाचं कॅलेंडर, घड्याळ, आजोबांचा फोटो, स्क्रू कारखानदारांच्या संघटनेनं बांना दिलेली पितळी पाटी, मखमलीवर निरनिराळ्या मापांचे स्क्रू बसवलेली नमुन्यांची चौकट, आणि आई-बांच्या लग्नाचा मोठा रंगीत फोटो. पाटी आणि लग्नाचा फोटो वजनदार, म्हणून दोन-दोन खिळ्यांवर. एकूण खिळे आठ. शनिवारी दुपारी बांनी सहाही वस्तू उतरवल्या, आठही खिळे उपटले आणि तिथे एकच चित्र लावलं. लांबी एकशे तीस सेंटिमीटर, उंची सत्त्याण्णव, वर काच.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"हे काय?"

"चित्र."

"ते दिसतंय. कशाचं?"

"कशाचं नाही. अमूर्त आहे."

बांच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. गांगशान गावात आमचा स्क्रूचा छोटा कारखाना आहे. बांनी आजवर घरात शोभेची म्हणून आणलेली वस्तू एकच, काचेच्या टाकीतले दोन मासे, आणि तेही कुणीतरी भेट दिलेले.

चित्राच्या कडांना नारिंगी, गडद निळे, शेवाळी असे आखूड फटकारे दाटीवाटीनं होते. आत येता येता ते विरळ होत होते आणि मधोमध परातीएवढा राखाडी डाग होता. त्यात काहीच नव्हतं. मी जवळ जाऊन बघितलं, खरंच काही नव्हतं.

"आणि लग्नाचा फोटो?" आईनं विचारलं.

"आत लावू."

"आत म्हणजे कुठे?"

"आत," बा म्हणाले आणि हातोडी घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी जियायीहून आली. चंद्राचा सण तोंडावर होता, म्हणून पिशवीभर पपनसं आणली होती. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"आ-हुई, दारासमोर हे भोक कशाला करून ठेवलंयस? घरातली बरकत सगळी त्यातून बाहेर जाईल."

"मी नाही केलं. साहेबांना कलेचं वेड लागलंय," आई म्हणाली.

"कोणी काढलंय?"

आईनं चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सही होती: शू-यिन.

"बाई आहे," मावशी म्हणाली.

"बाई आहे," आई म्हणाली.

दोघी पपनसं सोलायला बसल्या.

मी याच वर्षी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरी आले आहे आणि नोकरी शोधते आहे. निष्कर्षाची घाई करायची नाही, आधी निरीक्षणं गोळा करायची, असं आम्हाला शिकवलं गेलं. पण आईजवळ निरीक्षणं आधीच होती आणि ती तिनं मला भाजी निवडता निवडता एकेक करून सांगितली. बा महिन्याभरात तीनदा ताइनानला गेले. गाडी नेली नाही, किल्ली पुतण्याला देऊन टाकली, गुडघे दुखतात म्हणे. रेल्वेनं गेले. ज्या माणसानं कोथिंबिरीची जुडीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेतली नाही, त्यानं चित्राची किंमत एका शब्दानंही कमी करून मागितली नाही. जेवताना चॉपस्टिक माशाच्या शेजारी टोचतात, लक्ष ताटात नसतंच. आणि शेवटचं निरीक्षण सांगताना आईनं भाजी खाली ठेवली.

"मिन, हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत नाही. बोलतो माझ्याशी आणि बघतो माझ्या मागे. जशी काही मागे कुणी दुसरी उभी आहे."

हे मीही पाहिलं होतं. बांची नजर आईच्या कानाजवळून पलीकडे जायची. मला वाटलं होतं, लाज वाटत असेल. म्हणजे मीसुद्धा तेच गृहीत धरलं होतं, फक्त बोलले नव्हते.

"सणाच्या आधी छडा लावायचा," आई म्हणाली. "ताईला सांगून ठेवलंय मी. तसं काही निघालं तर सणाला मी जियायीला जाणार, आणि पुढंही तिथेच राहणार. घर, भिंत, भोक, सगळं त्यांना लखलाभ."

ती रागानं बोलली असती तर मी हसले असते. पण तिनं बॅग खरंच भरली होती. कपाटाच्या खाली होती, मी वजन करून पाहिलं.

त्या काळात मी बांवर पाळत ठेवली, हे मान्य करते. जेवण झालं की ते चित्रासमोर उभे राहायचे, आधी सरळ, मग मान वळवून, मग अर्धं पाऊल बाजूला सरकून. चेहऱ्यावर समाधान असायचं. माणूस चित्राकडे असं बघत नाही, असं माझं मत झालं. पत्र वाचताना असं बघतात.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी मी आणि आई ताइनानला गेलो. आईनं चांगला ब्लाउज घातला आणि ओठ रंगवले. गॅलरी म्हणजे औषधांच्या एका जुन्या दुकानाचा पुढचा भाग होता. शू-यिन स्वतःच बसलेली होती, पन्नाशीची, आखूड केस, पायात प्लास्टिकच्या सपाता. आईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आईचाच चेहरा आणखी कठीण झाला. बाई सुंदर निघाली असती तर तिला निदान कारण मिळालं असतं.

"आमच्याकडे तुमचं चित्र आहे," आई म्हणाली. "जुआंग. गांगशान."

"हो, हो! स्क्रूवाले जुआंग साहेब!" शू-यिन उठून उभी राहिली. "मजेशीर माणूस हो. पहिल्या वेळी प्रत्येक चित्रासमोर उभे राहिले आणि कुरकुरत बाहेर गेले. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी त्या मोठ्या चित्रापाशी कितीतरी वेळ थांबले. मग मला म्हणाले, 'मध्ये राखाडी आहे ते खरोखर आहे ना?'"

"म्हणजे?" मी विचारलं.

"मीही तेच म्हटलं, म्हणजे? तर म्हणाले, 'तुम्ही रंगवलंय ना ते? तुम्हालाही दिसतं ना?' मी म्हटलं, अहो, अकरा थर दिलेत राखाडीचे, दिसणार नाही तर काय! ते इतके खूश झाले की लगेच म्हणाले, बांधून द्या."

शू-यिननं दिलेल्या चहाला आईनं हातही लावला नाही. रस्त्यावर येताच ती फुटली.

"'तुम्हालाही दिसतं ना' म्हणे! आमचं जमलं तेव्हा मला म्हणाला होता, तो चंद्र तुलाही दिसतो ना. पंचवीस वर्षांत दुसरं वाक्यसुद्धा शोधलं नाही या माणसानं!"

मला त्या वाक्यात प्रेम ऐकू येत नव्हतं. बांनी चित्रकर्तीला खात्री करून घ्यायला प्रश्न विचारला होता. एखादं उपकरण बरोबर दाखवतंय का, हे आपण माहीत असलेल्या वस्तूवर तपासून बघतो, तसा. परतीच्या गाडीत मी सगळी निरीक्षणं पुन्हा मांडली. गाडीची किल्ली. चॉपस्टिक. कारखान्यात बा हल्ली स्क्रूचे आटे उजेडात धरून बघत नाहीत, अंगठ्याचं नख फिरवून बघतात. ते मला कसब वाटलं होतं.

संध्याकाळी फळांच्या टोपलीतल्या सफरचंदावरचा गोल लाल स्टिकर मी काढला आणि चित्राच्या बरोबर मध्यभागी, राखाडीवर, काचेला चिकटवला. व्यास दोन सेंटिमीटर.

"अगं, हे काय?" आई कुजबुजली.

"थांब. काही बोलू नकोस."

जेवण झाल्यावर बा नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले. काचेपासून दीड मीटर. स्टिकर मला सोफ्यावरून दिसत होता, आईला स्वयंपाकघराच्या दारातून दिसत होता.

"आज कसं वाटतंय चित्र?" मी विचारलं.

"आहे तसंच. याचं तेच तर चांगलं आहे."

ते सरळ समोर बघत होते. मग सवयीप्रमाणे त्यांनी मान वळवली आणि नजर चित्राच्या उजव्या चौकटीवर नेली. तेव्हा ते दचकले.

"मध्ये हे लाल काय लावलंय?"

पुन्हा त्यांनी सरळ लालकडे बघितलं, आणि बोट पुढे केलं ते हातभर चुकलं. आई दारातून पुढे आली. तिच्या ते लक्षात आलं असावं, पण तिचा राग इतके दिवस एका दिशेनं चालत आला होता, की तो लगेच थांबेना.

"ती बाई कोण आहे?"

"कोणती बाई?"

"चित्रवाली!"

"ती?" बा खुर्चीत बसले. "ती जाड की बारीक, ते मला सांगता यायचं नाही. तिच्या तोंडावर डाग होता."

"कसला डाग?"

"सगळ्यांच्या तोंडावर आहे. तुझ्याही आहे. उन्हाळ्यापासून." त्यांनी हातानं चेहऱ्यासमोर एक वर्तुळ केलं. "जिथे बघावं तिथे मधोमध राखाडी. डोळ्यांच्या औषधासाठी त्या दुकानात जायचो, तर तिथल्या सगळ्याच चित्रांवर डाग होता. हिनं निदान स्वतः काढला होता."

आई त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"आणि हे तुम्ही घरात कुणाला सांगितलं नाहीत," आई म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू कारखाना विकायला लावला असतास."

"लावलाच असता!"

"म्हणून."

"आंधळे व्हायला निघालात आणि वर 'म्हणून' म्हणता! आणि लग्नाचा फोटो? त्यानं काय घोडं मारलं होतं?"

बांनी भिंतीकडे हात केला. "तिथे उभं राहिलं की तू दिसायची नाहीस," ते म्हणाले. "नुसता पांढरा झगा. रोज काय बघायचं ते."

आईनं जाऊन स्टिकर नखानं खरवडून काढला. मग बराच वेळ फडक्यानं काच पुसत राहिली, डाग नसलेल्या ठिकाणीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं काओशुंगला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले. पडद्याच्या मध्यभागी खालून रक्तवाहिन्या गळत होत्या, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. डोळ्यात इंजेक्शनं घेतली तर डाव्यातलं राखता येईल. उन्हाळ्यातच का आला नाहीत, असं विचारल्यावर बा छताकडे बघू लागले आणि आईनं त्यांच्या वतीनं उत्तर दिलं, "कलेत गुंतले होते."

घरी आल्यावर तिनं एक खुर्ची चित्राकडे पाठ करून ठेवली आणि तीत बसली. समोर बांना बसवलं.

"बघा माझ्याकडे."

"बघतोय."

"तसं नाही. मी दिसेन असं बघा. मिन, मोजायची टेप आण तुझी, आणि एक पेन्सिल. कुठे बघितल्यावर मी दिसते ते मला कळू दे. म्हणजे पुन्हा माझा गैरसमज नको."

मी पेन्सिल आईच्या नाकासमोरून हळूहळू बाजूला नेत गेले आणि बांना टोकावर नजर ठेवायला सांगितलं. ते दोनदा "अजून नाही" म्हणाले. मग म्हणाले, "थांब. ओठ रंगवलेत हिनं." आम्ही तेच तीन वेळा केलं आणि मी सरासरी काढली.

अंतर एक मीटर. आईचा चेहरा दिसण्यासाठी बांची नजर तिच्या नाकाच्या शेंड्यापासून अकरा सेंटिमीटर बाजूला, डाव्या कानाच्या किंचित बाहेर ठेवावी लागते. कोन सहा अंश.