शेवटच्या ओळीचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना कापडी तक्ता आहे. सध्या माझा मुक्काम शाळेच्या लोखंडी कपाटात, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी आहे. अंगाला रबर आवळलेलं आहे आणि कपाटाची किल्ली हेडसरांच्या खिशात आहे.

अभ्यासक्रमात नवा धडा आला, त्यासाठी मला छापलं गेलं. 'बाई आहे म्हणून कुणाला मारणं, धमकावणं, कोंडून ठेवणं हा मानवी हक्कांचा भंग आहे,' ही माझी पहिली ओळ. शाई वाळत होती तेव्हा वाटलं, आता आपण वर्गावर्गांतून फिरणार. कसलं काय! मी ठरलो हत्तीचा दाखवायचा दात. तपासणीचे साहेब आले की मला भिंतीवर टांगायचं, मुलांनी माझ्या ओळी एका सुरात म्हणायच्या, साहेबांनी 'वा, छान!' म्हणायचं. ते फाटकाबाहेर पडले की मी पुन्हा कपाटात.

वर्षभर गुंडाळून राहिल्यानं मला एक खोड लागली. टांगलं की मी खालून आपोआप वर गुंडाळला जायचो आणि माझी शेवटची ओळ आत दडायची. त्या पोपटपंचीत तिची उणीव कुणालाच भासली नाही. मी मात्र ती पोटात घेऊन गुदमरायचो.

एका वर्षी नागरिकशास्त्राच्या बाईंनी यावर उपाय काढला. माझी खालची दांडी ओढून धरायला वर्गातल्या सगळ्यांत बुटक्या मुलीला माझ्याखाली बसवलं. तिला सगळे चिमणी म्हणत. दांडी धरताना तिची बाही सरकली. मनगटावर काळानिळा वळ होता. तो कशाचा, हे मला नंतर कळलं.

बाकीची मुलं पहिल्या ओळीपासून ओरडत होती. चिमणीच्या नाकासमोर मात्र माझी शेवटची ओळ होती. साहेबांसमोरच तिनं ती अडखळत वाचली.

"घरात मारहाण होत असेल तर ती फक्त घरातली गोष्ट नसते. शिक्षकांना सांगा. ते मदत करतील." मग तिनं वर पाहिलं. "बाई, सांगू?"

हेडसर घाईघाईनं हसले. "नंतर सांग हं बाळ, नंतर."

साहेब गेले. मला गुंडाळलं, रबर लावलं, किल्ली फिरली. आणि कपाटाबाहेरून तिचा आवाज आला.

"बाई, नंतर झालं का?"

बाहेर बाईंच्या वह्यांची सळसळ चालूच राहिली. मी आत नुसता तडफडत होतो. 'ते मदत करतील' हे माझ्याच अंगावर छापलं होतं. ते खोटं पडलं असतं तर मी पुन्हा कुठल्या तोंडानं भिंतीवर चढणार होतो? शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बस. सांग."

"बाबा आईला मारतात. काल मी मध्ये पडले. रोज कामावर जाताना ते बाहेरून कडी लावतात, आईला आत ठेवून."

"मी येते तुझ्या घरी," बाई म्हणाल्या. "एकटी नाही, मदत केंद्रातल्या ताईंना घेऊन."

आई सुटली. मायलेकी आता मावशीकडे राहतात. बाईंनी हे हेडसरांना सांगितलं तेव्हा मला आत आनंदानं रडू आलं. पण पुढच्याच आठवड्यात चिमणीचे बाबा शाळेत येऊन तमाशा करून गेले, आणि हेडसरांनी सगळा राग माझ्यावर काढला. "कशाला हवी ही ब्याद? घरची भांडणं शाळेत नकोत!" तेव्हापासून तपासणीलाही मला कुणी बाहेर काढत नाही. तिच्या आईची कडी निघाली, माझं कुलूप तेवढं पक्कं झालं.

मित्रांनो, मला जपू नका. जपून जपूनच माझं वाटोळं झालं. मला टांगा, मळू द्या, फाटलो तर चिकटवा. पण उलगडाल तेव्हा खालपर्यंत उलगडा.

काल मधल्या सुट्टीत कपाटापाशी एक नवा, बारीक आवाज आला. "ताई, तो तक्ता कुठंय गं?"

"कपाटात. किल्ली हेडसरांकडे असते," चिमणी म्हणाली. "पण शेवटची ओळ मला पाठ आहे. बस. ऐक."