डोकं हार्लोत, पाय विल्बीत

मी पलंग बोलतोय. एका माणसापुरता, काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा. तुम्ही म्हणाल, पलंगानं जगात असं काय पाहिलं असणार? छत, आणखी काय! पण मी भर सभेत आमदारांसमोर उभा राहिलोय. त्या दिवशी जे पाहिलं ते आठवलं की आजही माझ्या फळ्या शहारतात.

मला एमिल सेडलाचेकनं घडवलं. एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडातच बसवलेले. हात मोठा आणि बोलणं कमी असा तो माणूस. जमीन दूर शहरातल्या मालकाची, घरही त्याचंच. एमिल खंडानं मका पिकवायचा. लेक मोठी झाली तेव्हा त्यानं मालकाला विचारून घराला पूर्वेकडून एक खोली जोडली. त्या भोळ्याला काय ठाऊक, की ही खोली शाळेच्या हद्दीपलीकडे जातेय!

फार पूर्वी कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली होती. ती आता आमच्या घरातून, नेमकी नव्या खोलीच्या उंबऱ्याखालून जात होती. अलीकडचं सगळं घर विल्बीच्या शाळेचं आणि पलीकडची ती एक खोली हार्लोच्या शाळेची. मला त्या रेघेचं फार नवल वाटे. दिसत नाही, पायाला लागत नाही, उंदीरसुद्धा तिला जुमानत नाही, पण माणसं तिच्यापुढे हात टेकतात.

एमिल गेला. पुढे लेकही आजारपणात गेली आणि तिची सात वर्षांची डीलिया आजीकडे, म्हणजे एमिलची बायको व्हर्ना हिच्याकडे राहायला आली. मी तेव्हा अलीकडच्या खोलीत होतो आणि ती माझ्यावर झोपायची. मूल जिथे झोपतं तिथली त्याची शाळा, असा नियम. म्हणून डीलिया विल्बीची झाली. हार्लोची शाळा तीन मैलांवर, विल्बीची अठ्ठावीस. पाचला उठायचं, सहाला अंधारात पिवळ्या बसमध्ये चढायचं. महिन्याभरात पोरीचं बोलणं आटलं. आजीनं केलेला कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, ती हातात धरून तशीच पेंगायची.

"असं होय?" व्हर्ना एके दिवशी म्हणाली. "झोपते तिथली शाळा ना? मग पलंगच हलवू की!"

तिनं मला पूर्वेच्या खोलीत ओढलं. पण तिथे लोखंडी शेगडी होती, मी पुरता मावेना. माझे पायथ्याकडचे दोन पाय उंबऱ्याबाहेरच राहिले. त्या खोलीचं दार त्यानंतर कधी लागलं नाही.

आठवड्यात विल्बीच्या शाळेचा कारकून लायल हॅगन टेप घेऊन हजर झाला. व्हर्ना पूर्वी शाळेची बस चालवायची आणि लहानपणी तो तिच्याच बसमधून शाळेत जायचा.

"व्हर्नाकाकू, पलंग अर्धा आमच्याकडेच आहे."

"डोकं कुठे ठेवते ते बघ. डोकं हार्लोत."

"पण पाय विल्बीत आहेत ना!"

"लायल, शाळेत डोकं शिकतं की पाय? तुझं सोड, तुझं मला कधीच कळलं नाही."

लायलचे कान लाल झाले. "मी तरी काय करू, काकू? पोरं कमी झालीत, एकेक डोकं मोजतात. निकाल लागेपर्यंत ती विल्बीचीच. रेघ सरकवायची तर अर्ज हवा, आणि अर्जावर सही जमीनमालकाची."

"मालक पत्राला उत्तर देत नाही. मी राहते इथे, मी करते सही."

"तुमची चालत नाही."

"म्हणजे मक्याला तोंड आहे आणि माझ्या पोरीला नाही?"

लायल टेप गुंडाळायला लागला. त्या तालुक्यात रेघ चार वेळा सरकली होती, पण दर वेळी ती शेतांसाठी. कर कुठे कमी बसतो ते पाहून मालकांनी सह्या केल्या होत्या.

वसंतात आमदारांची समिती तालुक्याच्या कचेरीत आली. हद्दी बदलायची ही पद्धतच बदलावी का, यावर लोकांचं ऐकायला. व्हर्नानं मला खोललं, पिकअपमध्ये घातलं आणि सभेच्या दालनात नेऊन पुन्हा जोडलं.

"काकू, हे काय?" दारावरचा शिपाई थबकला.

"पुरावा आहे. बाजूला हो."

डीलियानं माझ्यावर नुसतं बसायचं, एवढंच ठरलं होतं. भाषणं सुरू झाली. एकर, टक्के, कलमं. पोरगी सवयीनं त्या दिवशीही पाचला उठली होती. ती हळूच कलंडली आणि सकाळचे दहा वाजलेले असताना, बूट पायात तसेच ठेवून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली. तिच्या श्वासाबरोबर माझी एक फळी कुरकुरत होती. ती मला काही केल्या थांबवता येईना.

अध्यक्षबाईंनी बोलणाऱ्याला हातानं थांबवलं.

"हळू बोला," त्या पुटपुटल्या. "पोरगी झोपलीय."

आणि मग दोन तास ती अख्खी सभा कुजबुजत चालली! खुर्ची ओढायची तर दोघं मिळून उचलत होते. भांडायला आलेले जाडजूड शेतकरी टोप्या काढून माझ्याभोवतीनं चवड्यांवर चालत होते. इतक्या माणसांना मी एवढं हळुवार कधी पाहिलं नव्हतं. मी आपला चार पायांवर जपून उभा. लायलची पाळी आली तेव्हा त्यानं कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "ही झोप माझ्या कागदात कुठेच नाहीये." मग तो खाली बसला.

पुढच्या हिवाळ्यात कायदा झाला. तिथे राहणाऱ्या कुणालाही अर्ज करता येईल, मग तो मालक असो की खंडकरी. आणि मुलांच्या प्रवासाचा वेळ मोजल्याशिवाय कुठलीही रेघ ठरणार नाही. व्हर्नाच्या अर्जावर आमची रेघ घरामागच्या ओढ्यावर गेली आणि अख्खं घर हार्लोत आलं. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी डीलिया सातपर्यंत झोपली. व्हर्ना कॉफीचा मग घेऊन दारात उभी होती. उठवायचं सोडून ती नुसती बघत राहिली आणि कॉफी निवून गेली.

आज व्हर्ना नाही. मी डीलियाच्या पडवीत आहे, माझ्यावर बियाण्याच्या बटाट्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत, एक फळी फुटली आहे. माझी तक्रार नाही. फक्त नकाशावर रेघा ओढणाऱ्यांना एक विनवणी आहे. पट्टी ठेवण्याआधी पहाटे पाचला त्या घरात जा आणि तिथलं झोपलेलं पोर स्वतःच्या हातानं उठवून बघा. हात धजावला, तर खुशाल ओढा.