ओनोरेचं गवत

ओनोरेला मी मे महिन्यातच बजावलं होतं, "वेली उपटल्यास त्या उपटल्यास, निदान रान तरी नांगरून ठेव. गवत कमरेला लागलंय."

"नांगरतो गं रोझलीन! तू म्हणजे जन्माची कटकट आहेस."

"आणि तू जन्माचा आळशी, मेल्या!"

ओनोरे माझा शेजारी, शाळेपासूनचा. देशात वाइन फार झाली म्हणून सरकार द्राक्षवेली उपटायला पैसे देतंय म्हटल्यावर ह्याने आजोबांनी लावलेली अख्खी बाग उलथून टाकली. माझी कारिन्याँ जातीच्या काळ्या द्राक्षांची बाग त्याच्या रानाला लागूनच. शंभरी उलटलेल्या वेली, एकेकीला जेमतेम चार घोस. पण त्या चार घोसांची वाइन! काळीभोर, दाट, घोट गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारी. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं. अशा किती वाइन माझ्या हातून अजून व्हायच्या?

ऑगस्टमध्ये डोंगरावरून कोरडा वारा सुटला तो थांबेचना. कुत्रं खाईना, खिडक्या रात्रंदिवस आदळत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी टेकडीमागे पिवळट धूर दिसला. तोडणीला तीनच आठवडे उरले होते.

पूर्वी वणवा यायचा तो ओनोरेच्या वेलींपाशीच मरायचा. खाली उघडी माती, वर हिरवा पाला, त्याला खायला काय मिळणार? ह्या खेपेला त्याला गवत मिळालं. माझ्या वरच्या दोन ओळी करपल्या, पण तिथे तो विझला. घर वाचलं, गाव वाचलं. धूर मात्र दोन दिवस बागेत बसून होता.

"तुझ्या म्हाताऱ्या वेलींनी वाचवलं हो आम्हाला!" सगळे म्हणाले. हुरळले मी. उरलेली द्राक्षं टपोरी होती, गोड होती. तोडली, टाकीत घातली.

नोव्हेंबरमध्ये पहिला घोट घेतला. राख! विझल्या चुलीत तोंड घातल्यासारखी नुसती राख. धूर सालींत मुरला होता.

ओनोरेला बोलावून घेतलं. त्याने चाखली आणि खाली बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी होईल की चांगली."

"तोटी उघड," मी म्हणाले.

"अगं, सगळी?"

"सगळी."

त्याने उघडली. वाइन अंगणातून ओघळत गटाराकडे निघाली. तो रडायला लागला. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा, असं मला जराही वाटलं नाही.